मिंगस अ‍ॅट आंतिब : तळाच्या स्वराने चालवलेली मैफल

वरळीच्या बीडीडी चाळी बांधून पूर्ण झाल्या, तरी त्यांतील बऱ्याच खोल्यांना पुढे काही वर्षे भाडेकरू मिळाले नव्हते. गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या काळात स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने गिरणी कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधण्याचा संकल्प सोडला होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ इमारती व सुमारे १६ हजार खोल्या उभ्या राहिल्या. त्यांतील १२१ इमारती एकट्या वरळीत. काँक्रीटच्या जाड भिंती, उजेड अडवणाऱ्या खिडक्या, गिरणीपासूनचे अंतर आणि भाडे या साऱ्यांमुळे कामगारांनी तिकडे पाठ फिरवली. १९३० साली सविनय कायदेभंगाची चळवळ सुरू झाली आणि मुंबईचे तुरुंग अपुरे पडू लागले, तेव्हा सरकारला या रिकाम्या चाळींची आठवण झाली. वरळीत तात्पुरता तुरुंग उघडण्यात आला आणि ज्या खोल्यांत कामगार राहायला येत नव्हते, त्यांत सत्याग्रही डांबले गेले.

सत्याग्रह या शब्दाआधी त्याच्यासाठी इंग्रजीत एक दुसरा शब्द रूढ होता : ‘पॅसिव्ह रेझिस्टन्स’, म्हणजे निष्क्रिय प्रतिकार. गांधीजींना तो नापसंत होता. प्रतिकार कधी निष्क्रिय नसतो आणि हे दुर्बलांचे हत्यार नव्हे, असे त्यांचे म्हणणे असे; म्हणूनच दक्षिण आफ्रिकेत असताना त्यांनी नवा शब्द घडवला. तरीही जुना शब्द मेला नाही. तो अमेरिकेत पोहोचला आणि तेथे १९६० साली एका जॅझ रचनेचे शीर्षक बनला. ‘प्रेयर फॉर पॅसिव्ह रेझिस्टन्स’ ही ती रचना, आणि रचनाकार चार्ल्स मिंगस. ती रसिकांसमोर वाजली त्या एका रात्रीचे ध्वनिमुद्रण ‘मिंगस अ‍ॅट आंतिब’ या नावाने उपलब्ध आहे. बासवादकाच्या नेतृत्वाखालील लहान संचाच्या ज्या लाइव्ह ध्वनिमुद्रिका जॅझच्या इतिहासात मानाने उल्लेखिल्या जातात, त्यांत तिचे स्थान फार वरचे आहे.

ही मैफल १३ जुलै १९६० रोजी फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील आंतिब-ज्युआँ-ले-पाँ येथे झाली. समुद्राकाठच्या पाइनच्या झाडांखाली भरणाऱ्या तेथील जॅझ महोत्सवाचे ते पहिलेच वर्ष. मंचावर पाच जण होते : डबल बासवर स्वतः मिंगस, ट्रम्पेटवर टेड कर्सन, आल्टो सॅक्सोफोन व बास क्लॅरिनेटवर एरिक डॉल्फी, टेनर सॅक्सोफोनवर बुकर अर्विन आणि ड्रमवर डॅनी रिचमंड. एका रचनेपुरता पियानोवादक बड पॉवेल त्यांना येऊन मिळाला. एकूण सहा रचना, सत्तर मिनिटांच्या आसपासचे संगीत. अटलांटिक कंपनीने ही मैफल दोन तबकड्यांच्या संचात प्रसिद्ध केली ती १९७६ साली. तोपर्यंत वादनाला सोळा वर्षे उलटली होती आणि डॉल्फी, पॉवेल व अर्विन हे तिघेही हयात नव्हते.

आपल्याकडे बास या वाद्याची ओळख फारशी नाही, पण ते ऐकलेले मात्र साऱ्यांनी आहे. माणसाहून उंच, व्हायोलिनच्या घराण्यातले हे तंतुवाद्य हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदात दशकानुदशके वाजत होते. गाणे संपल्यावर श्रोत्याला बासरी आठवते, सतार आठवते. बास आठवत नाही. जॅझमध्ये बोटांनी तारा छेडून तो वाजवतात. प्रत्येक मात्रेवर एक स्वर देत राहायचे, म्हणजे ठेकाही कळतो आणि आपण रागिणीच्या नव्हे तर स्वरसंगतीच्या वाटेवर कुठे आहोत तेही कळते. इतरांनी मनसोक्त भटकावे आणि बासने घर सांभाळावे, असा हा रिवाज. डबलबारीच्या भजनात बुवा कितीही उंच गेले तरी पखवाजवाला जागचा हलला नाही म्हणजे सारे सुखरूप परततात, त्यातलाच प्रकार. अशा वाद्याच्या वादकाने संचाचा म्होरक्या व्हायचे, ही १९५०च्या दशकात विरळा गोष्ट होती. मिंगसने ती केली, आणि नुसती केली नाही तर बासचे कामच बदलून टाकले. तो घर सांभाळतो. पण मनात आले तर भिंत सरकवतो, दार बंद करतो, पाहुण्याला अंगणात एकटा सोडून देतो. संचाचा वेग त्याच्या बोटांतून वाढतो आणि कमी होतो. ही मैफल ऐकताना प्रथमच ऐकणाऱ्याने ट्रम्पेट-सॅक्सोफोनकडे दुर्लक्ष करून एकदा केवळ खालच्या स्वराकडे लक्ष द्यावे. हुकूम कोठून सुटतात ते लगेच उमगते.

मिंगसचा जन्म २२ एप्रिल १९२२ रोजी अ‍ॅरिझोनातील नोगालेस येथे एका लष्करी नोकराच्या घरी झाला. बालपण लॉस एंजेलिसच्या वॉट्स या वस्तीत गेले. तो आधी चेलो शिकत होता. पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या वाद्यवृंदात काळ्या मुलाला चेलोवादक म्हणून कुणी उभे करणार नाही, तेव्हा बास घे, असा सल्ला त्याला मित्राने दिला आणि त्याने तो मानला. जॅझला मिळालेला हा मोठा बासवादक अशा रीतीने एका बंद दारामुळे मिळाला. पुढे लुई आर्मस्ट्राँग, लायनेल हॅम्प्टन, रेड नॉर्व्हो यांच्याबरोबर तो वाजवत राहिला. ड्यूक एलिंग्टन हे त्याचे दैवत. १९५३ साली त्यांच्या वाद्यवृंदात त्याला जागा मिळाली आणि एका सहवादकाशी झालेल्या हाणामारीमुळे थोड्याच दिवसांत गेली. १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथेला त्याने ‘बिनीथ द अंडरडॉग’ असे नाव दिले. जो सर्वांत खाली दबलेला, त्याच्याही खाली असलेला, असा त्याचा अर्थ. बासवादकाच्या आत्मकथेला ते नाव दोन्ही अर्थांनी शोभते.

त्याची सावत्र आई त्याला लहानपणी होलीनेस पंथाच्या चर्चमध्ये नेत असे. तेथे उपासना म्हणजे शांत बसणे नव्हे. प्रवचनकार एक ओळ म्हणणार, जमाव ओरडून उत्तर देणार, कुणी टाळ्या वाजवणार, कुणाच्या अंगात येणार. आंतिबच्या मैफलीची पहिली रचना ‘वेन्सडे नाइट प्रेयर मीटिंग’ हे त्याच बुधवारच्या सभेचे चित्र आहे. जवळपास बारा मिनिटे ती धावते. तीन फुंकवाद्ये एकमेकांच्या बोलण्यात घुसतात, मिंगस मधूनच मोठ्याने हाका घालतो, एका क्षणी साथ बाजूला होते आणि केवळ टाळ्यांच्या ठेक्यावर एकटा वादक झुंजत राहतो. या रचनेत आणि शेवटच्या ‘बेटर गिट हिट इन युवर सोल’मध्ये मिंगस काही काळ बास सोडून पियानोवर बसतो. मग संचाला तळच उरत नाही, तरी कुणी कोसळत नाही. रिचमंडचे ड्रम त्यांना धरून ठेवतात. एरवी या संचात पियानो नाहीच. जॅझमध्ये पियानो हा स्वरसंगतीचा नकाशा समोर धरणारा असतो. तो नसल्यामुळे प्रत्येक वादकाला फक्त बासच्या आधारावर वाट काढावी लागते. या मैफलीतली मोकळीक आणि जोखीम दोन्ही त्यातून आलेली आहेत.

ज्यांनी वरळीच्या चाळीत, दोन इमारतींमधल्या पटांगणात, गणपतीत रात्रभर रंगलेले भजन ऐकले आहे, त्यांना हा प्रकार परका वाटू नये. तेथेही श्रोता आणि गायक यांच्यात भिंत नसते. मागून कुणी चरण उचलतो, गॅलरीतून कुणी दाद देतो, आणि बुवांना ठरवलेला अभंग बाजूला ठेवून जमावाच्या कलाने जावे लागते. अशा गाण्याचे ध्वनिमुद्रण करायचे तर नुसता गळा टिपून भागत नाही. पटांगणही टिपावे लागते. बंद स्टुडिओतील ध्वनिमुद्रिका आणि लाइव्ह ध्वनिमुद्रिका यांतला फरक तो हाच. (ती पटांगणे आता राहिली नाहीत, किंवा जाण्याच्या वाटेवर आहेत. म्हाडाच्या पुनर्विकासात वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५मध्ये उंच इमारतींतील घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात जाणाऱ्याने जुन्या आवाजासाठी हळहळावे, अशी अपेक्षा करणे मात्र चाळीत न राहिलेल्यांनाच सुचते.)

दुसरी रचना आरंभी उल्लेखिलेली ‘प्रेयर फॉर पॅसिव्ह रेझिस्टन्स’. मिंगसने ती आधी मे १९६०च्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये ‘प्री-बर्ड’ या ध्वनिमुद्रिकेसाठी मोठ्या संचासह वाजवली होती. तो महिना महत्त्वाचा आहे. १ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरो येथे चार कृष्णवर्णीय विद्यार्थी केवळ गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या उपाहारगृहाच्या खुर्च्यांवर जाऊन बसले आणि उठायला नकार दिला. पाहता पाहता दक्षिणेतल्या अनेक शहरांत हे लोण पसरले. सर्वांत शिस्तबद्ध आंदोलन नॅशव्हिल शहरातले. तेथील विद्यार्थ्यांना मारहाण झाली तरी हात उचलायचा नाही, शिवीला उत्तर द्यायचे नाही, डोके कसे झाकायचे, याचे रीतसर शिक्षण आधीच मिळाले होते. १० मे रोजी नॅशव्हिलच्या उपाहारगृहांनी पहिल्यांदा काळ्या गिऱ्हाइकांना अन्न दिले. मिंगसची रचना स्टुडिओत वाजली ती त्यानंतर जेमतेम दोन आठवड्यांनी.

नॅशव्हिलच्या विद्यार्थ्यांना शिकवणारा तरुण धर्मोपदेशक जेम्स लॉसन हे सारे शिकला होता आपल्या नागपुरात. कोरियाच्या युद्धात सैन्यभरतीला नकार दिल्याबद्दल त्याने अमेरिकेत तुरुंगवास भोगला, आणि सुटल्यावर १९५३ साली तो नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात आला. १९५६पर्यंत तो तेथे होता. शिकवीत होता, मुलांकडून खेळ करून घेत होता आणि गांधींच्या पद्धतीचा अभ्यास करीत होता. मॉन्टगोमेरी शहरातील काळ्यांनी बसगाड्यांवर बहिष्कार घातल्याची बातमी त्याला नागपूरच्याच वृत्तपत्रातून कळली. मार्टिन ल्यूथर किंग यांनी पुढे त्याला दक्षिणेत कामाला येण्याची गळ घातली. किंग स्वतः १९५९ साली भारतात आले, तेव्हा मुंबईत गावदेवीच्या मणिभवनात राहिले होते. लॉसन २०२४ साली निवर्तला, वयाच्या ९५व्या वर्षी. वरळीच्या चाळीत कोंडलेल्या सत्याग्रहींचे जे शस्त्र होते, ते नागपूरमार्गे नॅशव्हिलला पोहोचले आणि तेथून एका बासवादकाच्या वहीत उतरले, असे म्हटले तर ते केवळ अलंकारिक ठरू नये.

मात्र महाराष्ट्रातल्या वाचकाला याहून जवळचा दाखला आठवायला हवा. उपाहारगृहातल्या निषिद्ध खुर्चीवर बसणे आणि निषिद्ध तळ्याचे पाणी ओंजळीत घेणे, या एकाच जातीच्या कृती आहेत. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जे केले, ते ग्रीन्सबरोच्या आधी ३३ वर्षे. मिठाचा सत्याग्रह परक्या सरकारविरुद्ध होता; महाडचा शेजाऱ्याविरुद्ध. अमेरिकेतल्या काळ्यांची लढाईही शेजाऱ्याशीच होती. तिकडच्या पुस्तकांत दांडीचा उल्लेख हमखास सापडतो, महाडचा क्वचित. ही उणीव आपण येथे तरी भरून काढायला हरकत नाही.

आंतिबला ही रचना सुमारे आठ मिनिटे चालते. बैठक ब्लूजची, आणि मुख्य भूमिका बुकर अर्विनच्या टेनर सॅक्सोफोनची. अर्विन टेक्सासचा; त्याच्या स्वराला एक खरखरीत, आर्जवी धार आहे. त्याच्याखाली मिंगस आणि रिचमंड ठेका एकसारखा ठेवत नाहीत. कधी तो दुप्पट होतो, कधी थबकतो, मागून बाकीची दोन वाद्ये छोटे छोटे स्वरपुंज फेकत राहतात. सॅक्सोफोन मात्र आपले म्हणणे सोडत नाही. चहूकडून धक्के बसत असताना एकाने जागा न सोडणे, हे जे शीर्षकात आहे तेच वादनात ऐकू येते. प्रार्थना म्हणावी तर तीत शांती नाही. दात-ओठ खाऊन म्हटलेली ही प्रार्थना आहे.

आणि मिंगस हा काही शांत माणूस नव्हता. तो मंचावरच वादकांना झापत असे. श्रोते गडबड करू लागले की वादन थांबवून त्यांना सुनावत असे. १९६२ साली त्याने आपल्या ट्रॉम्बोनवादकाच्या तोंडावर ठोसा मारला आणि त्याचा दात मोडला; फुंकवाद्य वाजवणाऱ्याच्या दृष्टीने ही उपजीविकेवरच घातलेली कुऱ्हाड. अशा माणसाने अहिंसक प्रतिकारासाठी प्रार्थना रचावी यात विसंगती आहे खरी. पण ज्याला राग येत नाही त्याला अशा प्रार्थनेची गरजही पडत नसावी. वरळीलाही ही विसंगती अनोळखी नाही. अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन मुंबईत १९७२ साली दलित पँथर उभी राहिली. ५ जानेवारी १९७४ रोजी बीडीडी चाळींच्या परिसरात झालेल्या तिच्या सभेनंतर दंगल उसळली, आणि १० जानेवारीच्या मोर्चात भागवत जाधव हा कार्यकर्ता प्राणाला मुकला. ज्या चाळींत कधी काळी न मारता मार खाणारे कोंडले गेले होते, तेथेच चाळीस-एक वर्षांनी, मार खायचा नाही असे म्हणणारी पिढी उभी होती. अमेरिकेतही किंग यांच्यापासून पँथरपर्यंतचा प्रवास असाच झाला. मिंगसच्या या आठ मिनिटांत दोन्ही आवाज एकाच वेळी आहेत, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

आंतिबला येण्यापूर्वी दहा-अकरा दिवसच आधी मिंगस आणि ड्रमवादक मॅक्स रोच यांनी अमेरिकेतील न्यूपोर्ट महोत्सवाविरुद्ध बंड पुकारून जवळच आपला वेगळा महोत्सव भरवला होता. प्रसिद्ध नावांना भरपूर बिदागी आणि नवे संगीत रचणाऱ्यांना किरकोळ, ही त्यांची तक्रार. त्याच्याही आधीचा एक सल मिंगसच्या मनात होता. लिटल रॉकच्या शाळेत काळ्या मुलांना शिरू न देणाऱ्या गव्हर्नर फॉबसवर त्याने रचलेले उपरोधिक गीत कोलंबिया कंपनीने १९५९ साली शब्दांविना, केवळ वाद्यांवर प्रसिद्ध केले. शब्दांसह ते ध्वनिमुद्रित झाले ऑक्टोबर १९६०मध्ये, कँडिड या छोट्या कंपनीसाठी. त्या ध्वनिमुद्रिकेची एक गंमत सांगण्याजोगी आहे. ती स्टुडिओत झाली, श्रोता एकही नव्हता. तरी प्रत्येक रचनेआधी मिंगस जणू एखाद्या क्लबात उभा असल्यासारखा बोलतो, टाळ्या वाजवू नका, पेल्यातला बर्फ खुळखुळवू नका, असे त्या अदृश्य मंडळींना बजावतो. त्याला हवा असलेला श्रोता त्याने कल्पनेत निर्माण केला. आंतिबला तीन महिने आधी खराखुरा श्रोता समोर होता, आणि तो गप्प बसणारा नव्हता. ‘फोक फॉर्म्स नंबर वन’ आणि ‘व्हॉट लव्ह?’ या दोन रचना दोन्हीकडे आहेत. त्या पाठोपाठ ऐकल्या तर समोरच्या माणसांमुळे संगीताला काय होते ते कळते. कँडिडची ध्वनिमुद्रिका अधिक रेखीव आहे. निवड करायचीच झाली तर प्रस्तुत लेखक आंतिबची करील.

‘व्हॉट लव्ह?’ ही या मैफलीतली सर्वांत अवघड आणि सर्वांत विलक्षण रचना. साडेतेरा मिनिटांच्या या रचनेत एका टप्प्यावर बाकीचे थांबतात आणि मिंगसचा बास व डॉल्फीचे बास क्लॅरिनेट यांचे संभाषण सुरू होते. संभाषण हा शब्द येथे शब्दशः घ्यावा. प्रश्न, तक्रार, टोमणा, हुंकार, सारे आहे. ठेका नाही, ठरलेली स्वरसंगती नाही. डॉल्फी संच सोडून निघाला होता आणि त्यावरूनचे हे भांडण आहे, असे जाणकार सांगत आले आहेत. त्या वर्षअखेरपर्यंत डॉल्फी खरोखरच बाहेर पडला. बड पॉवेल ‘आय’ल रिमेंबर एप्रिल’ या परिचित धूनपुरता येतो. तो १९५९पासून पॅरिसमध्ये राहत होता; मनाने आणि शरीराने खचलेला. त्या रात्री त्याचे वादन लांब, स्वच्छ आणि आत्मविश्वासाचे आहे. मिंगससारखा हट्टी नेता येथे पूर्ण वेळ साध्या बासवादकाचे काम करतो आणि पाहुण्याला पुढे करतो. पॉवेल थांबल्यावर डॉल्फी आणि अर्विन आळीपाळीने एकमेकांवर तुटून पडतात, हा भाग वेगळाच.

डॉल्फी १९६४ साली बर्लिनमध्ये, अवघ्या ३६व्या वर्षी, निदान न झालेल्या मधुमेहाने गेला. पॉवेल १९६६मध्ये, अर्विन १९७०मध्ये. रिचमंड मात्र अधूनमधून दूर जाऊनही अखेरपर्यंत मिंगसबरोबर राहिला. तबकड्या बाजारात आल्यानंतर वर्षभरातच मिंगसला स्नायू निकामी करणारा दुर्धर आजार जडल्याचे कळले. बोटे चालेनाशी झाली, तेव्हा तो नव्या धून गुणगुणून टेपवर उतरवून ठेवी. ५ जानेवारी १९७९ रोजी मेक्सिकोत त्याचा मृत्यू झाला. त्याच्या इच्छेनुसार पत्नी स्यू भारतात आली आणि त्याची रक्षा गंगेत सोडली.